गायरान आणि ग्रँट

"ग्रँट" हा शब्द माझ्या आईला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. आमच्या मुखेड तालुक्यात तो सगळ्यांनाच ठाऊक असतो. एखादं पोरगं विनाअनुदानित शाळेवर मास्तर म्हणून लागतं, वर्षानुवर्षं फुकट शिकवतं, त्याचं लग्न अडून राहतं, आणि मग एक दिवस गावात बातमी फिरते की शाळेला ग्रँट आली. लगेच त्या घरी पेढे वाटले जातात आणि पोरीवाले चकरा मारायला लागतात. ग्रँट येणं म्हणजे माणूस परमनंट होणं. पगार सुरू, पुढची फिकीर मिटली. ग्रँट येते तशी जातेही, हे आमच्याकडं कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

त्यामुळं लातूरहून मी फोन करून सांगितलं की आमच्या संस्थेला ग्रँट आली आणि मला दोन वर्षांचं काम मिळालं, तेव्हा आईनं त्या दिवशी संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर सगळ्या वस्तीला पेढे वाटले. पोरगी परमनंट झाली, असं वस्ती धरून चालली. मला हे शेजारणीकडून कळलं. तिनं अभिनंदन करायला फोन केला होता, आणि वर पेन्शनही मिळणार का, असं विचारलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मुळातच तापट. आमच्या घरात राग मला एकटीलाच मिळालाय, आई आणि वडिलांच्या वाटणीचासुद्धा. तिथल्या तिथं आईला फोन लावला.

"आई, ही तसली ग्रँट न्हाई. सरकारची न्हाई ही."

"हाव."

"दोन वर्षांनी संपते. पुन्हा दिली तर दिली, न्हाई तर न्हाई."

"हाव."

"मग लोकाला तसं सांग."

"हाव. तू जेवलीस का?"

मी हात टेकले. आमच्याकडं हाव म्हणजे होय. पुण्याकडच्या माणसाला तो शब्द ऐकून लोभ आठवतो, त्याला आमचा इलाज नाही. पण आईचं हाव नुसतं होयही नसतं. तू बोल, मी हितंच हाय, आवाज येऊन राहिला, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरनं गोड खाऊ नका म्हटलं तरी ती हाव म्हणते, कंडक्टर पुढं सरका म्हणाला तरी हाव म्हणते, आणि दोन्ही वेळा जागची हलत नाही. तोंडावर कुणाला नाही म्हणणं तिला आयुष्यात जमलेलं नाही, त्यामुळं तिच्या हावमध्ये काय काय दडलेलं असतं ते मला एकटीलाच कळतं, असा माझा समज होता.

आता ही ग्रँट होती कसली ते सांगते, कारण आईलाही ते सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले होते. दूर कुठंतरी एक गडगंज घराणं आहे. त्यांनी आपल्या पैशातला काही भाग बाजूला काढून एक फाउंडेशन केलं. ऊन वाढतंय, पाऊस बिघडतोय, कोळसा जाळून चालणार नाही, तर मग सरकारनं कोणती धोरणं करावीत, याचा अभ्यास करणाऱ्या लहानमोठ्या संस्थांना ते फाउंडेशन पैसे देतं. आमची संस्था त्यातली अगदी लहान. लातूरला औसा रोडच्या आत तीन खोल्या, आणि त्या चालवणारे आमचे सर, कॉलेजातून निवृत्त झालेले फिजिक्सचे प्राध्यापक. लातुरात खांद्यावर बॅग दिसली की लोक विचारतात, कुठल्या क्लासला जाता. मला चौतिसाव्या वर्षीही विचारायचे. मी सांगायची, लाईटच्या क्लासला.

आमचा विषय होता शेताला दिवसा लाईट. गावाजवळच्या सबस्टेशनला लागून सौर प्रकल्प उभा राहिला, तर तिथली वीज सरळ शेतीच्या लाईनीवर सोडता येते, आणि माणसाला अंधारात पाणी द्यायला जावं लागत नाही. असे प्रकल्प कुठल्या गावांत, कुठल्या जागेवर बसतील, त्याचा फायदा कुणाला होईल, हे आम्ही लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत फिरून बघायचं आणि त्याचा अहवाल करायचा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की त्या पैशावाल्या माणसाला एवढीच कणव आहे, तर तो पंपाला पैसे का देत नाही, अभ्यासाला कामून देतो? मी सांगितलं, पंप दिला तर एका रानाला पाणी मिळतं, धोरण बरोबर झालं तर सगळ्या जिल्ह्याला मिळतं. हे मी तिला पटावं म्हणून बोलले नव्हते. माझा त्यावर विश्वास होता आणि आजही आहे.

आमचं रान गायरानात आहे. गायरान म्हणजे गावाची गुरं चरायला सोडलेली सरकारी जमीन. आमच्या वस्तीतल्या ज्या घरांना हातभरही जमीन नव्हती, त्यांनी माझ्या जन्माच्या आधी ती फोडून वहीत केली. आमचा तुकडा दादांनी फोडला. दादा म्हणजे माझे वडील. दगड वेचून वेचून त्यांनी बांधावर जी भिंत रचली, ती अजून उभी आहे. ते गेल्यापासून आई एकटी करते. सातबाऱ्यावर नाव सरकारचं आणि पेरणी आमची, अशी ती गत. कागद नाही म्हणून पंपाचं कनेक्शन नाही, पीकविमा नाही, काही नाही. वरचा पाऊस आणि खालचा मुरूम. तरी तूर येते, मूग येतो, आणि नांदेडला हॉस्टेलवर राहून मी शिकले ते त्याच तुरीवर.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत ऑफिसात आमचा मोठा नकाशा तयार झाला. सबस्टेशनपासून जवळ असलेली रिकामी सरकारी जमीन त्यात पिवळ्या रंगात दाखवली होती. सगळे खुश होते, कारण दोन जिल्ह्यांत बरीच पिवळी ठिकाणं निघाली होती. मी सहज गंमत म्हणून स्क्रीनवर आमचं गाव शोधलं. तलाव दिसला, सबस्टेशन दिसलं, आणि सबस्टेशनच्या पाठीमागं आमचं रान. पिवळंधमक. त्यावर बोट नेलं की शब्द यायचा, रिकामी.

त्या घडीला आई त्याच रानात उभी असणार होती, कारण तूर भरात होती आणि रानडुकरं फार झाली होती. चूक कुणाची म्हणायची? नकाशा सरकारी कागदांवरून केला होता, आणि कागदात आम्ही नव्हतोच. मी आईला फोन लावला आणि आडवळणानं विचारलं, गायरानाकडं कुणी मोजायला बिजायला आलं होतं का. तर म्हणाली, हाव, आले होते की, टेप लावून गेले, चुना टाकून गेले, दिवाळीच्या आधीच. म्हणजे दोन महिने ती गप्प होती. मी तिच्यावर उखडले. मला सांगितलं का नाही, मी परकी आहे का, असं बरंच काही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुह्याच ऑफिसचं काम हाय म्हनले लोक. मग म्या कशाला मधी येऊ?"

मोजायला आलेली माणसं आमची नव्हती, सरकारी होती. पण गावानं धागा जोडला होता, आणि तो अगदीच चुकीचाही नव्हता. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ जिन्यात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि नकाशातला तो पिवळा चौकोन बघत राहिले. अडचण अशी होती की पुढच्याच आठवड्यात फाउंडेशनच्या मॅडम यायच्या होत्या. दोन वर्षं संपत आली होती, ग्रँट पुढं चालू ठेवायची की नाही ते या भेटीवर ठरणार होतं. आम्ही त्यांना औशाकडचं एक गाव दाखवणार होतो. तिथं प्रकल्प छान झाला होता, सरपंच बोलका होता, चहाबरोबर बिस्किटंही द्यायचा. सर म्हणाले, औसा राहू द्या, आपण मॅडमना तुमच्या गावी नेऊ. मी म्हटलं, सर, ऐन वेळी आपलाच नकाशा चुकलाय म्हणून दाखवायचं का? ते म्हणाले, चुकलाय तर दाखवायलाच पाहिजे. मग निदान ती माझी आई आहे एवढं तरी बोलू नका, म्हणून मी त्यांना विनवलं. त्यालाही ते कबूल झाले नाहीत. गाडीत बसल्या बसल्या आधी तेच सांगायचं, नाहीतर ते लपवाछपवीचं होईल, असं त्यांचं म्हणणं. सर मवाळ माणूस, आवाज कधी चढवत नाहीत, पण एकदा ठरलं की हलत नाहीत. मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या दिल्या. आता आठवलं की मला त्यांच्याविषयी फार माया वाटते.

मॅडम मूळच्या केरळच्या, राहायला दिल्लीत. त्यांची हिंदी साधारण माझ्या आईच्या हिंदीइतकीच कच्ची, त्यामुळं इंग्रजीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी करायची जबाबदारी माझी. लातूर मागं पडायच्या आत सरांनी त्यांना सगळं सांगून टाकलं, नकाशाही आणि आईचंही. मॅडम खिडकीतून बाहेर हरभरा बघत राहिल्या. शिरूर ताजबंदच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं की आईचं वय काय. मी मनात म्हटलं, झालं, संपली आपली ग्रँट.

आई रानात आमची वाट बघत उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर. विहारातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या कुणाकडून तरी डोक्यावर आणवून लिंबाखाली मांडल्या होत्या, आणि पातेल्यात तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडून ठेवल्या होत्या. मुरमावर खुर्ची एका बाजूला डुगडुगत होती. मॅडम तोल सावरत बसल्या आणि आईनं हातात दिलेली शेंग त्यांनी सालासकट तोंडात घातली. आई तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं स्वतः एक शेंग दातांत धरून ओढून दाखवली, दाणे आत आणि टरफल बाहेर. मॅडमना ते तिसऱ्या शेंगेला जमलं, आणि त्यानंतर त्यांचा हात पातेल्यातून निघेना. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

मग बोलणं सुरू झालं. मॅडमनी विचारलं की गावात दिवसा लाईट आली तर काय होईल. आईनं मनापासून सांगितलं की लई बरं होईल, पोरं अंधारात पाण्यावर जातात, विंचूकाट्याचं भ्या असतं, घरातल्या बायांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तिचा स्वतःचा पंप नाही, कधी असणारही नाही, तरी ती हे अगदी पोटतिडकीनं बोलत होती. मी ते इंग्रजीत सांगितलं. पुढचा प्रश्न मॅडमनी जरा थांबून, शब्द जुळवून विचारला. त्या लाईटसाठी सौर प्रकल्पाच्या काचा हितं, ह्याच रानात बसवायच्या म्हटलं, तर?

"हाव," आई म्हणाली.

म्हणजे तुम्ही हे रान सोडाल?

"हाव."

मी घाईघाईनं मॅडमना समजावून सांगितलं की हे हाव म्हणजे होकार नव्हे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया समोरच्याचा मान ठेवायला असं म्हणतात, त्या नुसत्या ऐकत असतात. सर्वेक्षणात आमच्या लोकांनी असली हाव होकार म्हणून लिहून घेतली असतील, तर तीही सगळी तपासायला लागतील. बोलता बोलता मी बरीच तावातावानं बोलले असणार, कारण आई माझ्या तोंडाकडं बघायला लागली. इंग्रजीतलं तिला एक अक्षर कळत नाही. पण माझा आवाज तिला पुरेसा कळतो.

"काय सांगून राहिलीस गं तिला?"

मी म्हटलं, सांगितलं की तू नुसतं ऐकून राहिलीस म्हणून.

"न्हाई," आई म्हणाली. "म्या ऐकून न्हाई राहिले. म्या हाव म्हनले. खरंच म्हनले." मग मॅडमकडं वळली, आणि त्यांना कळणार नाही हे माहीत असून त्यांच्याकडंच बघत मला म्हणाली, "तिला सांग, रान घ्या म्हनावं. पर माह्या लेकराची ग्रँट बंद करू नका म्हनावं."

सरांनी तोंड फिरवलं आणि ते तुरीकडं बघत उभे राहिले.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं. ही सरकारची नाही, ही संपते, पुन्हा दिली तर दिली, हे सगळं तिनं ऐकलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. गावानं तिला सांगितलं की तुझ्या पोरीच्या ऑफिसला ही जमीन पाहिजे. तिनं दोन महिने त्या चुन्याच्या रेघांकडं बघत तूर राखली आणि आपल्या मनाशी हिशेब घातला, की जमीन आडवी आली तर पोरीचं काम जाईल. आणि ते कुणालाही न विचारता तिनं ठरवून टाकलं. दादांनी फोडलेलं रान. त्याच्याशिवाय तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

मला रडू यायला पाहिजे होतं, पण आला तो रागच. मी भर रानात आईवर ओरडले. तुला कुणी सांगितलं रान द्यायला, मी मागितलं होतं का, ग्रँट असल्या गोष्टींवर मिळत नसते, तुला काही कळत नाही, असं सगळं, पाहुण्यांसमोर. आई जराही चिडली नाही. तिला माझीच लाज वाटली. ओशाळून ती मॅडमना आपल्या हिंदीत म्हणाली, "गुस्सेवाली है. दिल से अच्छी है." एवढं मात्र मॅडमना कळलं. मग त्यांनी मला विचारलं की आई आधी काय म्हणाल्या. सरांकडून काही ते सांगणं होईना. शेवटी मीच सांगितलं, रानाचंही आणि लेकराचंही, एकही शब्द न गाळता. सांगता सांगता माझा आवाज फुटला आणि ते नाक पुसणं, डोळे पुसणं सगळं मॅडमच्या समोरच झालं.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्या काय बोलतात ते मी आईला सांगत गेले. त्या म्हणाल्या की हे पैसे माझे नाहीत, मी पण पगारावरच आहे. माझी आई पण मला दर फोनला विचारते, तू हे कुणाचे पैसे वाटत फिरतेस, आणि त्याला माहीत तरी आहे का? आई खुदकन हसली. मग मॅडमनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की ग्रँटसाठी कुणालाही काही द्यावं लागत नाही, तुम्ही तर मुळीच द्यायचं नाही. आणि तूर उभी असलेलं रान आमच्या नकाशात रिकामं दिसत असेल, तर ते काम आधी दुरुस्त व्हायला पाहिजे. आईनं हे सगळं ऐकलं आणि खात्री करून घ्यायला मला विचारलं, "म्हंजे बंद न्हाई करणार न्हं?" मी म्हटलं, ते त्यांच्या हातात नाही गं, पण रानाचा आणि त्याचा काही संबंध नाही. तेव्हा कुठं तिनं खांदे सैल सोडले.

मग ती पुढं आणि मॅडम मागं, अशा दोघी रानाला पूर्ण वळसा घालून आल्या. मला कुणी बोलावलंच नाही. आई हातवारे करून सांगत होती आणि मॅडम माना डोलवत होत्या. कोणाला काय कळलं देव जाणे. निघताना आईनं मॅडमच्या ओढणीच्या पदरात शेंगा बांधून दिल्या. गाडीत बसायच्या आधी मी आईला बाजूला घेऊन विचारलं, तुला ग्रँट संपणार हे ठाऊक होतं, तर मग पेढे कशाला वाटलेस गं गावभर? ती म्हणाली, "दोन वर्सं का हुईना, आनंद तर झाला हुता न्हं."

पुढचे महिने आम्ही नकाशा पुन्हा केला. प्रत्येक पिवळ्या जागेवर पीक उभं असताना जाऊन बघितलं. देगलूरच्या बाजूला, किनवटच्या जंगलाकडं, सगळीकडं. कितीतरी रिकाम्या जमिनींवर ज्वारी निघाली, हरभरा निघाला, माणसं निघाली. काही खरोखरच ओसाड होत्या, त्या तशाच ठेवल्या. सरांनी अहवालात एक प्रकरण नुसत्या गायरानावर लिहायला लावलं आणि ते मी लिहिलं. लिहिताना आईचं नाव कुठं घेतलं नाही, पण प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवायची आहे असं समजून लिहिलं.

आमच्या गावात प्रकल्प झाला. ग्रामसभेत लोकांनी सबस्टेशनच्या पलीकडचा खडकाळ माळ दाखवला, जिथं कुसळही उगवत नाही. इंजिनिअर सुरुवातीला कुरकुरले, मग कबूल झाले. ते आमच्या अहवालानं झालं, की गावानं रेटा लावला म्हणून, की इंजिनिअर साहेबच मनाचा चांगला होता, मला सांगता येत नाही. आमचं रान वाचलं. कागद अजूनही नाही. चुन्याच्या रेघा एका वळवाच्या पावसात धुऊन गेल्या.

ग्रँट मात्र गेली. मॅडमनी आमच्याविषयी फार चांगलं लिहिलं होतं, सरांनी मला ते वाचून दाखवलं. पण फाउंडेशनच्या विश्वस्तांनी ठरवलं की पुढची काही वर्षं पैसा दुसऱ्या राज्यांत आणि दुसऱ्या विषयांवर लावायचा. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पैसे त्यांचे, मर्जी त्यांची. मॅडमनी स्वतः फोन करून सरांना सांगितलं आणि त्यांचाही आवाज पडलेला होता म्हणे. सरांनी तीनपैकी दोन खोल्या सोडल्या. मला म्हणाले, तुम्ही महिनाभर या, तोवर मी कुठंतरी बघतो. मला कळत होतं की त्यांच्याकडं बघायला कुठलीच जागा नाही.

आईला हे सांगायला माझी जीभ उचलेना. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला. रोज फोन करायची आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायची. तीही काही विचारायची नाही. मृगाच्या तोंडावर एका सकाळी मी मनाचा हिय्या केला. म्हटलं, आता रागवायला समोर कुणी नाही, रडायलाही हरकत नाही, सांगून टाकू. फोन लावला आणि ती काही बोलायच्या आत म्हणून टाकलं की आई, ग्रँट संपली, माझं काम गेलं.

पलीकडं ती काहीतरी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. कामून संपली, त्या मॅडम काय म्हणाल्या, आता गावाला काय सांगू, यातलं काहीही तिनं विचारलं नाही.

"मग घरी ये की माय," ती म्हणाली. "रान हाय न्हं आपलं. मूग पेरायला मला बी एकटीला हुईना आता."